नंबर नसलेले भाग : पुण्यातील जुन्या मोटारी आणि दारांच्या खटक्यांची अदलाबदल

मोटारीच्या इतिहासलेखनात इंजिन, सांगाडा आणि बाह्यरूप यांना जेवढी जागा मिळते तेवढी दार बंद ठेवणाऱ्या यंत्रणेला मिळत नाही, आणि त्यामुळे एखादी जुनी मोटार पन्नास-साठ वर्षे रस्त्यावर कशी टिकली या प्रश्नाचे उत्तरही अर्धवटच राहते. इंजिन उघडून दुरुस्त करता येते, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करता येतो. परंतु दाराचा खटका झिजला, त्यातील स्प्रिंग तुटली किंवा हँडलचा ओतीव दांडा मोडला, की तो भाग बहुधा बदलावाच लागतो, आणि ज्या काळात नवा भाग मिळण्याची शाश्वती नव्हती त्या काळात तो दुसऱ्या एखाद्या, बहुधा वेगळ्या सालच्या, मोटारीतून काढून आणण्यावाचून गत्यंतर नसे. स्वातंत्र्योत्तर पुण्यात ही अदलाबदल मोटारदुरुस्तीच्या धंद्याचा नित्याचा भाग होऊन बसली. तिच्यामागे यंत्ररचनेची कारणे होती तशीच सरकारी धोरणाचीही होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय आज जुन्या मोटारीच्या 'ओरिजिनल'पणाचा जो आग्रह धरला जातो त्याचे मोल ठरवता येत नाही.

ही यंत्रणा तीन ठिकाणी विभागलेली असते. दाराच्या कडेत बसवलेला खटका हा तिचा मुख्य अवयव. त्यात सरकणारी किंवा फिरणारी जीभ असते आणि ती परत उलटू नये म्हणून तिला अडवणारा एक स्प्रिंगचा अडसर असतो. त्याच्या समोर, मोटारीच्या खांबावर म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'पिलर'वर, स्ट्रायकर असतो. दार ओढून घेतले की खटक्याची जीभ त्यात अडकते. तिसरा भाग दाराच्या पोटात दडलेला असतो : बाहेरचे हँडल, आतली मूठ, किल्ली फिरते ते सिलिंडर आणि या सर्वांना खटक्याशी जोडणाऱ्या बारीक लोखंडी काड्या. चांगल्या खटक्याला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात दार अर्धवट अडकते, पण उघडत नाही, आणि दुसऱ्या टप्प्यात ते रबराच्या पट्टीवर घट्ट दाबले जाते. दार नीट न लावता मोटार सुरू झाली तरी ते धाडकन उघडू नये, एवढ्यासाठी हा पहिला टप्पा असतो. कारागीर या सगळ्या जुळणीला सरसकट 'लॉक' म्हणतात. मात्र सुटा भाग मागायची वेळ आली की जीभ, काडी, स्प्रिंग, सिलिंडर यांची नावे वेगळी घ्यावीच लागतात, कारण कोणता भाग कोणत्या सालच्या मोटारीचा चालेल याचे उत्तर दर भागागणिक निराळे असते.

एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या मोटारीला चालतो की नाही, हा प्रश्न मुळात अमेरिकेने जगाला दिला. जनरल मोटर्सने १९२०च्या दशकात दरवर्षी मोटारीचे रूप बदलण्याची पद्धत रूढ केली आणि १९२७ साली त्यासाठी स्वतंत्र रचना-विभागही काढला. परंतु रूप दरवर्षी बदलले तरी दाराच्या आतला खटका दरवर्षी नव्याने घडवणे कोणत्याही कारखान्याला परवडणारे नव्हते, त्यामुळे बाहेरून अगदी वेगळ्या दिसणाऱ्या दोन मोटारींच्या पोटात एकच खटका असणे ही सामान्य गोष्ट झाली. भंगारातल्या मोटारी सुट्या करून विकणाऱ्या अमेरिकी व्यापाऱ्यांना हे साम्य नेमके माहीत असण्याची गरज होती, आणि ती गरज ओळखून १९३४ साली हॉलंडर या नावाने कोणता भाग कोणकोणत्या सालच्या व नावाच्या मोटारीला चालतो याची छापील सूची निघू लागली. पुढे १९५०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठातील अपघातविषयक संशोधनाने असे दाखवून दिले की धडकेच्या वेळी दार उघडून बाहेर फेकले जाणे हे मृत्यूचे एक मोठे कारण आहे. त्यानंतर १९५६ सालच्या अमेरिकी मोटारींत खटका व स्ट्रायकर एकमेकांत गुंतून राहतील आणि खांब व दार लांबीच्या दिशेने फाकले तरी सुटणार नाहीत अशी रचना आली. त्याआधीचे पुष्कळ खटके दार व खांब यांच्यातील अंतर थोडे वाढले की आपोआप मोकळे होत. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत दाराच्या कुलपांसाठी सक्तीचे मानक लागू झाले. खटक्याच्या बाबतीत केवळ रूप बदलणारी साले आणि रचना खरोखर बदलणारी साले असा फरक करावा लागतो, तो या कारणाने.

भारतात ही कहाणी वेगळ्या वळणाने गेली. १९४९ साली तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली आणि १९५३ साली प्रशुल्क आयोगाच्या शिफारशींनंतर केवळ जुळणी करणाऱ्या, पण येथे उत्पादन करण्याची योजना नसलेल्या कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. मुंबईतील जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनीही त्या सुमारास काम थांबवले. पुण्याच्या कॅम्पात आणि बंगल्यांच्या आवारात उभ्या असलेल्या शेव्हरोले, फोर्ड या मोटारी एका फटक्यात पोरक्या झाल्या, कारण त्यांचे सुटे भाग पुरवणारे माहेरच उरले नाही. पुण्यातील अदलाबदलीच्या धंद्याचा आरंभ हा असा अमेरिकी मोटारींच्या अडचणीतून झाला असे मानणे योग्य ठरते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या वाहनांनीही दुरुस्तीच्या विद्येला हातभार लावला, आणि खडकी-देहूरोडच्या लष्करी छावण्यांमुळे पुण्याला त्या मालाचा व माहितीचा जवळून परिचय होता. मात्र दारांच्या इतिहासात त्या वाहनांतील जीपचे काही काम नाही, कारण युद्धातल्या जीपला दारच नव्हते.

अमेरिकी कंपन्या गेल्यावर जी जागा रिकामी झाली ती मुख्यतः दोन देशी कंपन्यांनी भरली. कोलकात्याजवळील उत्तरपारा येथील हिंदुस्थान मोटर्सने १९५४ साली लँडमास्टर आणि त्यानंतर तीन-चार वर्षांत अँबॅसडर आणली, तर सोलापुरात जन्मलेल्या आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या मोटारी बांधण्यास घेतल्या. १९५३ साली इटलीत बाजारात आलेली फियाट ११००-१०३ ही मोटार पुढच्याच वर्षी, १९५४ साली, कुर्ल्यात जुळू लागली. पाठीमागच्या गोलसर, फुगीर आकारामुळे महाराष्ट्रात तिला 'डुक्कर फियाट' म्हणत आणि आजही तेच नाव चालते. पुण्यातील डॉक्टर, वकील, लहान कारखानदार आणि व्यापारी यांच्या घरांत मोटार शिरली ती पुष्कळ ठिकाणी या फियाटच्या रूपाने. आणि खटक्यांच्या अदलाबदलीचा सर्वांत बोधप्रद अध्यायही तिचाच आहे.

डुक्कर फियाटची पुढची दारे मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे उलटी उघडणारी होती. मागची दारे मात्र सरळ, पुढच्या बाजूला बिजागरी असलेली होती. परिणामी मधल्या खांबावर दोन्ही दारांच्या बिजागऱ्या आणि पुढच्या दाराचा खटका मात्र समोरच्या काचेजवळच्या खांबावर, अशी मांडणी होई. युद्धापूर्वीच्या फियाट ११००मध्ये तर मधला खांबही नव्हता. उलट्या दाराचे दोन गुण होते : साडी किंवा धोतर नेसलेल्या माणसाला त्यातून सहज शिरता-उतरता येई, आणि अरुंद गल्लीत दार थोडे उघडले तरी पुरे. पण त्याचा दोष जिवावर बेतणारा होता, कारण चालत्या मोटारीत खटका सुटला तर सरळ दार वाऱ्याने बंद होऊ पाहते आणि उलटे दार वाऱ्यानेच सताड उघडते. इटलीत १९६० च्या सुमारास ही मांडणी सोडून देण्यात आली. भारतात एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावे घेत ही मोटार पुढे सरकली आणि १९६४ साली आलेल्या ११००-डी या मॉडेलची, ज्याला येथे 'डिलाइट' म्हणत, पुढची दारे सरळ उघडणारी होती. दहा वर्षांच्या आत, एकाच कंपनीच्या आणि जवळपास त्याच १०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनाच्या मोटारीत, पुढच्या दाराचा खटका एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेला.

यामुळे १९५४ आणि १९६४ या दोन सालांमध्ये पुढच्या दाराच्या खटक्यांपुरती एक भिंत उभी राहिली असे वरवर पाहता वाटते, आणि बहुतेक प्रसंगी ते खरेही ठरते. परंतु भूमितीचा थोडा विचार केला तर त्या भिंतीत एक फट दिसते. सरळ उघडणाऱ्या उजव्या दाराचा खटका मागे तोंड करून असतो आणि त्याची आतली बाजू मोटारीच्या मध्याकडे, म्हणजे डावीकडे असते. हाच खटका हातात उभा धरून अर्धा फेर फिरवला तर त्याचे तोंड पुढे येते आणि आतली बाजू उजवीकडे वळते. उलट्या उघडणाऱ्या डाव्या दाराला नेमकी हीच ठेवण लागते. म्हणजे उजव्या दाराचा नवा खटका डाव्या जुन्या दाराच्या ठेवणीशी जुळतो आणि डाव्याचा उजव्याशी. स्क्रूची भोके, काड्यांची लांबी आणि स्ट्रायकरचा आकार हे निराळे प्रश्न राहतातच, त्यामुळे या जुळणीतून अख्खा खटका तसाच्या तसा बसेल असे नाही. तथापि जीभ, अडसर किंवा स्प्रिंग असा एखादा भाग हवा असेल तर डाव्यासाठी उजव्याकडे पाहावे, ही दृष्टी ज्याला आहे त्याला भंगाराच्या ढिगात दुप्पट माल दिसतो.

१९६४ नंतरचा काळ अदलाबदलीसाठी सुवर्णकाळ होता, आणि त्याचे श्रेय, ते श्रेय म्हणावे की नाही हा वेगळा प्रश्न, लायसन्स-परमिट राजवटीला द्यावे लागते. फियाटशी असलेला करार संपल्यावर ११००-डी हीच मोटार १९७२ साली 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ साली 'प्रीमियर पद्मिनी'. समोरची जाळी, दिवे, चकचकीत पट्ट्या, आतले आच्छादन आणि मुठी यांत वेळोवेळी फेरफार झाले, परंतु दाराचा सांगाडा आणि बिजागऱ्यांची मांडणी मूलतः तीच राहिली, आणि २००० सालाच्या आसपास उत्पादन थांबेपर्यंत ती तशीच होती. अँबॅसडरचेही तसेच झाले : मार्क २, मार्क ३, मार्क ४, नोव्हा अशी नावे बदलत गेली, पण मधला भाग, म्हणजे चार दारे आणि छत, २०१४ साली कारखाना थांबेपर्यंत मॉरिस ऑक्सफर्डच्याच वळणाचा होता. अमेरिकेत ग्राहकाने नवी मोटार घ्यावी म्हणून रूप दरवर्षी बदलत असे. येथे नव्या मोटारीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणारे ग्राहक आधीच रांगेत उभे होते, किमतीवर सरकारचे नियंत्रण होते आणि त्या नियंत्रणाविरुद्ध प्रीमियर कंपनीच सर्वोच्च न्यायालयात गेली होती; त्या खटल्याचा निकाल १९७१ च्या नोव्हेंबरात लागला. रूप बदलण्याचे कोणतेही आर्थिक कारण कारखानदाराला उरले नव्हते. ज्या साचलेपणाबद्दल त्या काळच्या मोटार-उद्योगाला योग्य तो दोष दिला जातो, त्याच साचलेपणामुळे १९६८ च्या मोटारीला १९८८ चा भाग बसवून ती चालू ठेवणे शक्य झाले, ही गोष्ट इतिहासकाराने नजरेआड करू नये.

अदलाबदलीला माल लागतो आणि माहितीही लागते. पुण्यात या दोन्हींची ठिकाणे जुन्या पेठांमध्येच होती. नाना पेठेत मोटारी व स्कूटर यांच्या सुट्या भागांची दुकाने एकमेकांना खेटून वाढली आणि नवा माल, मग तो कंपनीच्या डब्यातला असो वा लुधियाना-दिल्लीकडून आलेला 'लोकल', तेथे मिळू लागला. रविवार पेठेतील बोहरी आळी स्क्रू, बिजागऱ्या, स्प्रिंगा, रबर अशा सर्वसाधारण मालासाठी होती, भवानी पेठेच्या बाजूला भंगाराचे व्यापारी होते, आणि मंगळवार पेठेत कुंभारवेशीजवळ रविवारी व बुधवारी भरणारा जुना बाजार ही या साखळीतली सर्वांत बेभरवशाची पण सर्वांत उदार कडी होती. जुन्या बाजारात नाणी, तोफगोळे, ग्रामोफोन, पाने आणि मोटारीची हँडले एकाच ताडपत्रीवर पडलेली असत. विकणाऱ्याला त्यांची किंमत वजनावर कळत असे आणि घेणाऱ्याला उपयोगावर, व या दोन मापांतला फरक हाच खरेदीदाराचा नफा असे. मुंबईतील कुर्ल्याचा मोडीतल्या मोटारींचा बाजार पुण्यापासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर असल्याने पेठेत न मिळालेली वस्तू तिकडून मागवता येई. अमेरिकेत जी माहिती छापील सूचीत होती ती येथे दुकानदार, फिटर आणि भंगारवाला यांच्या तोंडी होती, आणि ती कोणी लिहून ठेवली नाही, ही या धंद्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव आहे.

प्रत्यक्ष काम पाहिले तर या माहितीचे स्वरूप कळते. दाराची काच पूर्ण वर घेऊन आतली मूठ आणि काच फिरवण्याचा दांडा काढावा लागतो. दोन्ही एका आडव्या पिनेने अडकवलेले असतात आणि ती पिन दिसत नाही, आच्छादन बोटाने आत दाबले तरच तिचे डोके हाती लागते. मग रेक्झिन लावलेला पुठ्ठा क्लिपांमधून उचकटून काढला की दाराच्या पत्र्यातली मोठी भोके उघडी पडतात आणि त्यांतून हात घालून काड्यांच्या टोकांवरील बारीक क्लिपा सोडवल्या जातात. खटक्याचे स्क्रू दाराच्या कडेवर असतात, त्यांची डोकी पत्र्यात बुडालेली असतात, आणि वर्षानुवर्षांच्या गंजाने ते इतके आवळलेले असतात की साध्या पेचकसाने खाच तेवढी झिजते. म्हणून पेचकस टेकवून वर हातोडीचा एक ठोका द्यायचा व मगच तो फिरवायचा असतो. खटका निघाला तरी काचेची खाच आडवी येत असल्याने तो एका ठराविक कोनातूनच भोकाबाहेर पडतो. दुसऱ्या सालचा खटका बसवताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात : भोके जुळतात का, काडीचे टोक खटक्यावरील तरफेच्या त्याच अंगाला येते का, आणि जीभ स्ट्रायकरच्या बरोबर उंचीवर आहे का. भोके जुळली नाहीत तर ती गोल कानशीने लांबट करता येतात, काडी गरम करून वाकवता येते किंवा कापून जोडता येते; पण जिभेची आणि स्ट्रायकरची झीज एकमेकींना साजेशी नसेल तर काहीही केले तरी दार वाजतच राहते. म्हणून जाणता कारागीर खटका एकटा घेत नाही, त्याच मोटारीचा स्ट्रायकरही सोबत मागतो.

स्ट्रायकर बसवणे हे यातले सर्वांत नाजूक काम आहे. खांबाच्या आत आटे पाडलेली एक सैल पट्टी असते आणि खांबावरील भोके स्क्रूपेक्षा मोठी असतात, त्यामुळे स्ट्रायकर थोडा वर-खाली आणि आत-बाहेर सरकवता येतो. त्यावर ग्रीसचा पातळ थर देऊन दार हळू लावले की जीभ कुठे टेकते याची खूण उमटते, आणि ती पाहून स्ट्रायकर हलवायचा, गरज पडल्यास त्याखाली पत्र्याची पातळ पॅकिंग द्यायची, असे करत दार दोन टप्प्यांत बंद होईपर्यंत काम चालते. येथे पुष्कळदा एक चूक होते : बिजागऱ्या झिजून दार खाली लोंबले असेल तर तो दोष खटक्यात नसून बिजागरीच्या पिनेत असतो, तरीही स्ट्रायकर खाली सरकवून वेळ मारून नेली जाते. अशा मोटारीत नंतर बिजागरी दुरुस्त झाली की खटका पुन्हा चुकतो, आणि मग 'दुसऱ्या सालचा भाग बसवल्यामुळे असे झाले' असा ठपका बिचाऱ्या अदलाबदलीवर येतो.

सगळेच भाग अशा रीतीने वाचवता येत नसत. बाहेरची हँडले ज्या मिश्रधातूची ओतलेली असतात त्याला बाजारात 'मझाक' म्हणतात. तो जस्तात थोडे ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळून बनतो, साच्यात सफाईने उतरतो आणि त्यावर क्रोमचा मुलामा छान बसतो. परंतु मुलाम्याला बारीक छिद्र पडले की आत ओल शिरून फोड येतात, आणि असे हँडल पुन्हा मुलाम्यासाठी पॉलिश करायला घेतले तर फोडांखालचे खड्डे उघडे पडतात. मोडलेला मझाक साध्या वेल्डिंगने जोडता येत नाही, कारण तो लोखंड-पितळेच्या मानाने फारच कमी उष्णतेला वितळतो. त्यामुळे खटके दुरुस्त होत राहिले आणि हँडले मात्र दुर्मिळ झाली. आजही चांगल्या अवस्थेतल्या मूळ हँडलांची जोडी अख्ख्या खटक्यापेक्षा शोधायला अवघड आहे. पुण्याच्या पावसाचाही यात वाटा आहे. काचेच्या कडेच्या रबरातून दारात उतरलेले पाणी तळाच्या भोकांतून वाहून जावे अशी रचना असते, पण ती भोके धूळ व पानांच्या चुऱ्याने बुजली की दाराचे तळ कुजतात, आणि आतल्या दमटपणाने खटक्याच्या स्प्रिंगा गंजतात.

पुणे हे केवळ मोटारी वापरणारे शहर राहिले नाही, हे या इतिहासातले आणखी एक महत्त्वाचे अंग. १९६०च्या दशकात आकुर्डीत बजाज ऑटो व बजाज टेम्पो आणि पिंपरीत टेल्को असे कारखाने उभे राहिले, तसे त्यांच्याभोवती पिंपरी-चिंचवड व भोसरीच्या पट्ट्यात पत्रा दाबणारे, डाय बनवणारे, स्प्रिंगा वळणारे आणि मुलामा देणारे असंख्य लहान कारखाने आले. त्यांचे ग्राहक वेगळे होते, पण त्यांच्या कारागिरांचे कसब शहरभर पसरले. मोडलेल्या खटक्याची जीभ पोलादी पट्टीतून कापून, घासून आणि पाणी देऊन, म्हणजे तापवून तेलात बुडवून कठीण करून, नव्याने घडवणारा माणूस पुण्यात सापडणे कठीण राहिले नाही. स्कूटरच्या बाबतीत तर अदलाबदल सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. बजाजचा पियाज्योशी असलेला करार १९७१ साली संपून १९७२ साली चेतक आली, पण जुन्या व्हेस्पाचे कित्येक भाग तिच्याशी मिळतेजुळते असल्याने पुण्याच्या मेकॅनिकला 'त्याचे याला बसवणे' हे स्कूटरनेही शिकवले. कंपन्यांच्या स्थलांतराचा योगायोगही नोंदवण्याजोगा आहे : जिच्या कुर्ल्याच्या कारखान्याने पद्मिनी घडवली त्या प्रीमियर कंपनीने २००९ साली 'रिओ' ही मोटार आणली ती चिंचवडच्या कारखान्यातून, आणि फियाटचे भारतातील उत्पादन टाटांसोबत याच जिल्ह्यातील रांजणगावला आले. डुक्कर फियाटच्या दाराशी मात्र या दोन्ही कारखान्यांचा काही संबंध उरला नव्हता.

अदलाबदलीचा माग काढणे कठीण का, याचे उत्तर मोटारीच्या कागदपत्रांत आहे. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक असतो. दारावर, खटक्यावर, हँडलवर नोंदणीचा कोणताही क्रमांक नसतो. त्यामुळे क्रमांक असलेले भाग आपापल्या मोटारीशी बांधलेले राहिले आणि क्रमांक नसलेले भाग शहरभर हिंडले. किल्लीचे सिलिंडर तेवढे अपवाद ठरे, कारण दुसऱ्या मोटारीचे सिलिंडर बसवले की दाराची आणि इग्निशनची किल्ली वेगवेगळी होई. ज्या जुन्या फियाटच्या जुडग्यात दारासाठी निराळी किल्ली आहे, तिच्या दाराला दुसऱ्या मोटारीचा भाग लागला असण्याची शक्यता बरीच असते. अभ्यासकाला हाती लागणारा हा एक चांगला पुरावा आहे.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आल्यावर फियाट व अँबॅसडर यांचे राज्य ढळू लागले, आणि १९९०च्या दशकात नव्या कंपन्यांच्या आगमनाने ते संपले. जुन्या मोटारी मोठ्या संख्येने मोडीत निघाल्या. मुंबईत टॅक्सींवर वयाची मर्यादा आल्याने हजारो पद्मिनी भंगारात गेल्या, आणि २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस रस्त्यावरून उतरली. दुरुस्तीवाल्यांसाठी ही मधली दोन दशके सुगीची होती, कारण दात्या, म्हणजे ज्यांतून भाग काढून घेता येतील अशा, मोटारी भरपूर आणि मागणी थोडी होती. आता नेमके उलटे आहे : दात्या मोटारी संपत आल्या आहेत आणि पुण्या-मुंबईतील हौशी संग्राहक डुक्कर फियाटपासून पद्मिनीपर्यंत सगळ्यांच्या मागे आहेत. त्यांच्याबरोबर एक नवा निकषही आला, तो म्हणजे प्रत्येक भाग त्याच सालचा असावा हा. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' मालिकेतील स्वतंत्र नोंदणीचे नियम काढले; त्यांत वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. या अटीत दाराच्या खटक्याचा उल्लेख नाही आणि तो नसणे शहाणपणाचे आहे, कारण पुण्यातली साठ वर्षे वापरात राहिलेली फियाट एकाही परक्या खटक्याशिवाय आजवर आली असेल हे संभवत नाही. परक्या सालचा पण नीट बसवलेला, दोन्ही टप्प्यांत अडकणारा खटका असलेली मोटार ही त्याच सालचा पण झिजलेला खटका मिरवणाऱ्या मोटारीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे आणि अधिक सुरक्षितही, विशेषतः दारे उलटी उघडणारी असतील तेव्हा.

मात्र अदलाबदल मान्य करणे आणि तिची नोंद न ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्याकडे अशा मोटारी आहेत त्यांनी काढलेला मूळ खटका भंगारात न देता तेल लावून, कोणत्या दाराचा, कोणत्या सालच्या मोटारीचा आणि त्याच्या जागी काय बसवले याची चिठ्ठी बांधून ठेवावा. आणि नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात ज्यांची हयात गेली अशा कारागिरांना कोणते कशाला चालते हे विचारून, ते सांगणारे आहेत तोवर लिहून घ्यावे.